लाकडी हंसाची मान

मित्रांनो, मला चार चाकं आहेत. हंसाला चाकं नसतात हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या दिवसासाठी मला घडवलं, त्या दिवशी चाकांवाचून भागत नाही. मी एक जुना लाकडी हंस आहे. नागपूरच्या पुढे, राज्याची सीमा ओलांडली की लागणाऱ्या सौंसरच्या एका घरात, पलंगाजवळच्या फळीवर माझी जागा आहे. तो पलंग आता रिकामा आहे. माझी मान दोनदा जोडली गेली. पहिल्यांदा जोडली तेव्हा मी जन्मलो. दुसऱ्यांदा का जोडावी लागली, ते तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांचा पोळा खऱ्या बैलांचा, लेकरांचा लाकडी बैलांचा. मुलं आपापले बैल सजवून दोरीने ओढत मैदानात नेतात आणि मग घरोघर फिरतात. घरची बाई बैलाच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते आणि मुलाच्या हातावर काहीतरी ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. जवळच्या रामाकोना गावचा कवडू सुतार असे बैल फार सुबक करायचा. सौंसरला विज्ञान शिकवणारे यशवंतराव मास्तर त्याच्याकडे आले, ते आपल्या सुचितासाठी बैल सांगायलाच.

कवडूच्या अंगणात वाळलेल्या संत्र्याच्या झाडाची एक फांदी पडली होती. कोणा बागवाल्याने जळणासाठी दिलेली. खालून सरळ येऊन ती वर अशी काही वळली होती, की मास्तर तिच्याकडे बघत उभेच राहिले.

"कवडू, बैल राहू दे. हंस कर."

"गुरुजी, तान्ह्या पोळ्यात हंस कोन वढते?"

"माझी पोरगी ओढेल. एक दिवस पोळ्यात, बाकी वर्षभर माझ्या वर्गात. पुस्तकातला हंस शाई सांडल्यासारखा दिसतो."

"पन म्या तं हंस पाह्यलाच नाही."

"मी तरी कुठे पाहिलाय? सांगतो तसा कर."

अशी माझी मान संत्र्याची झाली आणि धड सागवानाचं. दोन्ही एका लाकडी खुंटीने जोडलं. रंग मास्तरांनी स्वतः दिला. अंग पांढरं, चोच नारिंगी आणि चोचीच्या मुळाशी काळा गोळा.

"हे काय? गाठ आली का त्याले?" कवडूने विचारलं.

"असतेच ती. त्या गाठीवरून जात ओळखायची. हा मूक हंस."

"मुका हाय का बिचारा," कवडू म्हणाला आणि त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

सुचिताला मी आवडलो नाही. तिला शिंगं असलेला, झूल घातलेला बैल हवा होता. तान्ह्या पोळ्याला ती मला ओढत निघाली ती डोळे पुसतच. मैदानात पोरं हसली. "बदक आलं, बदक आलं," म्हणून मागे लागली. घरोघरच्या बायकांपुढे वेगळीच पंचाईत होती. एका आजीबाईने माझ्या चाकांवर पाणी घातलं, कपाळ कुठे असतं ते शोधून कुंकू लावलं आणि विचारलं, "बैलाले पुरणपोळी देतो आपन. याले काय देऊ, बाई?"

"पालक," सुचिता म्हणाली. "हंस पाण्यातला पाला खातो. बाबांनी सांगितलं."

आजीबाईने खरंच आतून पालकाची जुडी आणून माझ्यापुढे ठेवली. घरी परतताना सुचिता रडत नव्हती. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. मास्तर मला पिशवीत घालून शाळेत न्यायचे. टेबलावर ठेवायचे आणि अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत सांगायचे. जगात हंसांच्या सहा जाती. हा मूक हंस, मान वळवून पोहणारा. व्हूपर आणि टुंड्रा हे थंड मुलखातले, मान ताठ ठेवणारे, चोच पिवळी-काळी. ट्रम्पेटर सगळ्यांत मोठा, अमेरिकेतला, काळ्या चोचीचा. ऑस्ट्रेलियात अख्खा काळा हंस असतो, त्याची चोच लाल. दक्षिण अमेरिकेत एकाचं अंग पांढरं आणि मान काळी. तो पिलांना पाठीवर बसवून पोहतो. पिलं सुरुवातीला राखाडी असतात. जोडी वर्षानुवर्षं एकत्र राहते. घरट्याजवळ कोणी आलं तर नर पंख उभारून अंगावर धावतो. वर्षातून एकदा मात्र हंसाची उडायची पिसं सगळी एकदम गळतात. नवी येईपर्यंत काही आठवडे त्याला उडता येत नाही, तेव्हा तो गवतात, बेटात दडून राहतो.

"सर, हंस दूध पिऊन पाणी सोडून देते ना?" कोणीतरी दरवर्षी हे विचारायचंच.

"दूध त्याला देणार कोण? तळ्यात म्हशी असतात का? कवींनी लिहिलं, छान लिहिलं. पण हंस दूध पीत नाही."

"सर, तुमी पाह्यला का हंस?"

"नाही. आपल्याकडे तो येत नाही. दूर उत्तरेला एखादा चुकून येतो. मी समुद्रही पाहिला नाही, पण तो खारट आहे हे तुम्हाला सांगतोच ना?"

सगळ्यांत आवडता भाग शेवटी असायचा. आपल्या मानेत सात मणके आणि हंसाच्या मानेत वीसहून जास्त, असं सांगून मास्तर माझ्या चोचीवर बोट ठेवायचे. हंस बुडी मारत नाही. शेपटी वर, डोकं पाण्यात, आणि एवढ्या लांब मानेने तळाचा पाला तोडतो. दात नाहीत, म्हणून तसाच गिळतो. मग तो घास कसा जातो? मास्तरांचं बोट माझ्या गळ्यावरून अगदी सावकाश खाली यायचं. वळणावर हळू व्हायचं, पण थांबायचं नाही. अख्खा वर्ग बोटाकडे बघत श्वास धरून बसायचा. बोट पोटाशी पोचलं की मास्तर म्हणायचे, "पोचला." आणि पोरं हसायची. माझ्या मानेचा रंग पुढच्या बाजूने एका रेघेत गेला आहे, तो त्या बोटाने.

मास्तर निवृत्त झाले आणि मी या फळीवर आलो. सुचिताची आई उषाताई आजारपणात गेली. सुचिता पांढुर्ण्याच्या एका शाळेत शिकवायला लागली; सकाळच्या बसने जायची, संध्याकाळी यायची. मास्तरांची धाकटी बहीण, अलकाआत्या, विधवा होऊन इथेच राहायला आली होती. मला कोणी हात लावत नव्हतं. चाकांत कोळ्यांनी घरं केली. मित्रांनो, जुन्या वस्तूला याचं वाईट वाटतं. पण घरात माणसं बोलत असतात तोवर ते फार नसतं.

मागच्या हिवाळ्यात मास्तरांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि शब्दही गेले. समोरच्याचं बोलणं त्यांना सगळं कळायचं. पण तोंडातून एकच आवाज निघायचा, "त… त…" सुचिताने पाटी आणि पेन्सिल दिली. डाव्या हाताने त्यांनी रेघा ओढल्या, अक्षर झालं नाही. त्यांनी पाटी परत केली आणि भिंतीकडे तोंड केलं.

नागपूरच्या दवाखान्यातून सोडताना तिथल्या नर्सने दोघींना सांगितलं होतं, की ताठ बसवून भरवा, घास लहान द्या, घाई करू नका, पाणी किंवा पातळ काही जपून द्या. सुरुवातीला दोघी तसंच करायच्या. मग मास्तर जरा सावरले. डाव्या हाताने पांघरूण ओढून घेऊ लागले, रेडिओ लावला की मान हलवू लागले. दोघींना वाटलं, ते सांगणं आजारी माणसासाठी होतं; आता हे बरे होताहेत. दिवसा आत्या एकटीच असायची. तिचे गुडघे दुखायचे. भावाला उचलून बसवणं तिच्याने होत नव्हतं. मग डोक्याखाली एक उशी जास्तीची द्यायची आणि चमच्याने भरवायचं, असं सुरू झालं. संध्याकाळी सुचिताही तसंच भरवू लागली.

घास गेला की मास्तरांना ठसका लागायचा. आमच्याकडे ठसका लागला की म्हणतात, कोणीतरी आठवण काढतंय. आत्या पदराने त्यांचं तोंड पुसायची आणि हसायची.

"घ्या. आज कोन आठवन काढून रायलं, दादा? रामाकोन्याचे पोट्टे असतीन. त्यायले तू लय मारलं हाय."

मास्तर डोळे मिटून मान हलवायचे. तोंड घट्ट मिटायचे.

"असं नको करू. खाल्ल्याशिवाय ताकद कशी येईन? एक घास उषावहिनीच्या नावाचा. उघड तोंड."

बायकोचं नाव ऐकलं की ते तोंड उघडायचे.

एका संध्याकाळी त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. पाणी नको, रेडिओ नको, औषध नको. बोट माझ्याकडेच होतं. सुचिताने मला खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि पलंगावर त्यांच्याजवळ ठेवलं. मास्तरांनी डावा हात उचलला. माझ्या चोचीवर बोट ठेवलं आणि ते गळ्यावरून खाली आणू लागले.

मित्रांनो, ते बोट मी ओळखत होतो. पण या वेळी ते वळणावर थांबलं. तिथे त्यांनी दोनतीनदा ठोकलं आणि सुचिताकडे बघत मान हलवली. पुन्हा चोचीवरून सुरुवात. पुन्हा तिथेच थांबले.

घास तिथे अडकतो, असं ते सांगत होते. सांगायला त्यांच्याकडे एक डावा हात होता आणि मी होतो.

सुचिताचे डोळे भरून आले. "आत्या, इकडे ये. बघ, बाबा शिकवताहेत."

आत्या पिठाच्या हातानेच आली. "पाह्य माय. याद हाय त्यायले सारं. डोकं चांगलं चालून रायलं दादाचं."

त्या आनंदात दोघींनी त्यांना मऊ भात भरवला. मास्तर खोकले. आत्या म्हणाली, "पाह्य, आता तं अख्खा वर्ग आठवन काढून रायला."

तेव्हापासून मी पलंगावरच राहू लागलो. सुचिता शाळेतून आली की हंसांविषयी वाचून दाखवायची. तिने कुठून कुठून पुस्तकं मागवली. "बाबा, मूक हंस काही मुका नसतो. तो फूत्कारतो, घोगरा आवाज काढतो. आणि उडताना त्याच्या पंखांचा आवाज लांबवर ऐकू जातो. लोकांनी नीट ऐकलं नाही म्हणून नाव पडलं." तिने हे वाचलं तेव्हा मास्तरांनी तिचा हात धरला. तिचं बोट ओढून माझ्या मानेवर ठेवलं. खाली आणलं. वळणावर थांबवलं. मग तोच हात आपल्या गळ्याकडे न्यायला लागले; पण तिथे पोचायच्या आत तिने त्यांचा हात आपल्या गालाला लावून घेतला.

"हो बाबा. कळलं. मला सगळं आठवतं."

मास्तरांनी मला ढकलून दिलं. मी फरशीवर पडलो आणि वळणाखालच्या खुंटीपाशी माझी मान तडकून सुटली. ते "त… त…" करत राहिले. आत्या म्हणाली, अशा दुखण्यात माणसाला राग येतोच, त्याचं काही मनावर घ्यायचं नाही. सुचिताने माझे दोन तुकडे उचलले आणि रविवारी कवडूला बोलावणं पाठवलं.

कवडू म्हातारा झाला होता. त्याने मला पलंगाच्या कडेला धरूनच दुरुस्त केलं. जुनी खुंटी काढली, नवी तासून बसवली, सरस लावला. मास्तर त्याच्याकडे टक लावून बघत होते. काम झालं तसं त्यांनी परत माझ्या चोचीवर बोट ठेवलं, गळ्यावरून आणलं, थांबले, ठोकलं.

"हो गुरुजी, तठीच तडकली होती," कवडू म्हणाला. "आता नाही निघत. फिकीर नका करू."

मास्तरांनी हात पांघरुणात घेतला. त्यानंतर त्यांनी माझ्या मानेला कधी हात लावला नाही.

दिवसभर त्यांच्या छातीत घरघर असायची. चेहरा उतरला होता. अधूनमधून कणकण यायची आणि गोळीने जायची. आत्याला वाटायचं, हवा बदलली. पोळ्याच्या दिवशी तिने पहाटेपासून स्वयंपाक केला. पुरण अगदी मऊ शिजवलं, दुधात कालवून पातळ केलं. भावाला ते फार आवडायचं. तिने प्रेमाने भरवलं. मास्तर खोकले, परत खोकले, डोळ्यांत पाणी आलं. आत्याने पाठ चोळली आणि वर पाणी पाजलं. त्या रात्री त्यांना ताप भरला. सकाळी श्वास इतका जोराचा होता, की पलंग हलत होता. लेकरं रस्त्यावरून बैल ओढत नेत होती तेव्हा गाडी दाराशी आली. मास्तर नागपूरला गेले ते परत आले नाहीत.

सगळे पाहुणे गेल्यावर सुचिता आणि आत्या या खोलीत बसल्या होत्या. पलंगावर चादर नव्हती.

"आत्या, डॉक्टरांनी मला एक विचारलं होतं."

"काय?"

"जेवताना ठसका लागत होता का, म्हणून."

"लागे ना. रोजच लागे."

"मीही तेच सांगितलं. ते म्हणाले, घास आणि पाणी श्वासाच्या नळीतून फुप्फुसात जात होतं. थोडं थोडं, रोज. त्यानं ताप आला."

सुचिताने मला मांडीवर घेतलं. माझ्या चोचीवर बोट ठेवलं आणि आपल्या वडिलांसारखं सावकाश खाली आणलं. वळणावर ती थांबली. तिचा हात तिथेच राहिला.

"मंग तो शिकवून नव्हता रायला?" आत्याने विचारलं.

"नाही आत्या. सांगत होते."

आत्याने पदर तोंडावर घेतला. त्यातून आवाज आला, "माह्या हातानं गेला तो."

"संध्याकाळी मी भरवायचे," सुचिता म्हणाली. "तुझ्या आणि माझ्या, दोघींच्या हातानं. डॉक्टर म्हणाले, कदाचित तसंही झालं असतं. कदाचित नसतं. मी परत परत विचारलं. त्यांनी यापेक्षा जास्त सांगितलं नाही."

त्यानंतर आत्याने जेवण सोडलं. ताट समोर आलं की ती उठून मागच्या अंगणात जायची. चहासुद्धा दोन घोट घेऊन ठेवून द्यायची. अंगातलं त्राण गेलं आणि ती याच पलंगावर पडून राहू लागली. शेजारच्या बायका येऊन सुचिताला म्हणत, चमच्याने घाल तोंडात, काय करते ती. सुचिताने त्यांना दारातूनच परत पाठवलं.

एका दुपारी तिने आत्याला दोन्ही हातांनी धरून उठवलं. पाठीशी लोड लावला, पाय खाली सोडले, मान जराशी पुढे झुकवली. मग मऊ खिचडीची वाटी घेऊन समोर स्टूल ओढला.

"मले नको, सुची."

"बरं. नको तर नको. मी बसते."

ती तशीच बसून राहिली. खिचडी निवली. तिने ती गरम करून आणली आणि परत बसली. शेवटी आत्याने वाटीकडे पाहिलं.

"दे. थोडीच."

सुचिताने चमच्याच्या टोकावर येईल एवढाच घास दिला आणि आत्याच्या गळ्याकडे बघत राहिली. गळा हलला.

"गेला?"

आत्याने मान डोलावली.

"पूर्ण?"

"हो."

मग तिने दुसरा दिला.

मित्रांनो, आत्या आता या पलंगावरून उठली आहे. माझी गोष्ट एवढीच आहे. खऱ्या हंसांसारखं मला कोणत्या तळ्यावर जायचं नाही. माझा रंग उडाला तरी चालेल, मला कोपऱ्यात ठेवलं तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, कोणाची वाचा गेली असेल, तर त्यांना निजल्या निजल्या भरवू नका. आधी ताठ बसवा. ठसका लागला तर कोण आठवण काढतंय ते शोधत बसू नका. हातातली वाटी खाली ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. ते बोटाने काही दाखवत असतील तर त्याचा अर्थ आपणच लावून खूश होऊ नका. इथे दुखतं का, इथे अडकतं का, असं एकेक विचारा आणि त्यांची मान हलेपर्यंत थांबा. मी लाकडाचा आहे, मला विचारून उपयोग नाही. त्यांना विचारा.